कोयता, कूस आणि कायदा

जुन्या बखरी आणि कैफियती चाळल्या तर राजपुत्रांचे जन्म तिथी, वार, नक्षत्रासह नोंदलेले सापडतात. त्या जन्मांसाठी बायकांनी काय सोसले याची नोंद मात्र सहसा सापडत नाही. आज आम्ही ज्या विषयाकडे वळणार आहोत तो या न नोंदलेल्या बाजूचा आहे. मूल केव्हा व्हावे, किती व्हावीत, नको असलेला गर्भ ठेवावा की नाही, याचा निर्णय कोणी करायचा, हा तो प्रश्न. त्याला आम्ही दुसरा एक प्रश्न जोडणार आहोत: पोटासाठी गाव सोडून परमुलखात राबायला जाणाऱ्या बाईचा. हे दोन प्रश्न वरवर पाहता वेगळे दिसतात. एक माजघरातला, दुसरा फडातला. परंतु नगर जिल्ह्याचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास नीट पाहिला तर ते एकाच गाठीत बांधलेले आहेत, असे आमच्या ध्यानात आले आहे. ती गाठ उलगडून दाखवावी, एवढाच या निबंधाचा हेतू.

न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. विचारांची देवघेव भर सभेत व्हावी, ही त्यामागची दृष्टी. त्याच १८७५ साली पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या मंडळींनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. सभामंडपात ज्या प्रश्नाचा उच्चार करणेही अवघड होते, तो प्रश्न चंद्रभागेच्या वाळवंटात टाकून दिलेल्या अर्भकांच्या रूपाने समाजापुढे उभा होता. त्याच्या आधी बारा वर्षे, १८६३ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरी असेच गृह काढले होते. वाट चुकलेल्या विधवांनी येथे गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशा जाहिराती त्यांनी लावल्या. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत.

नगरचा या कथेशी संबंध येथूनच सुरू होतो. अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फॅरर नगरात मुलींची शाळा चालवीत होत्या. ही शाळा पाहून जोतीराव प्रभावित झाले आणि १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. फॅररबाई अविवाहित होत्या आणि सात समुद्र ओलांडून एकट्या आल्या होत्या. ज्या काळी आपल्याकडे बाईने एकटीने वेस ओलांडणे हाही अपराध ठरत होता, त्या काळी परदेशातून आलेल्या एका बाईच्या शाळेमुळे या देशातल्या मुलींच्या शिक्षणाला चालना मिळाली, ही गोष्ट विसरता येण्याजोगी नाही. बाईचे घराबाहेर पडणे आणि बाईने आपल्यासंबंधी विचार करणे यांचा संबंध इतका जुना आहे.

परंतु शाळेची दारे उघडली म्हणून बाईची कूस तिच्या ताब्यात आली नाही. विधवेला पुनर्विवाहाची परवानगी देणारा कायदा १८५६ साली झाला; तो कागदावर राहिला. १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात मुलाला मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे जन्मठेपेवर आणि मग पाच वर्षांवर आली. त्या वेळी वृत्तपत्रांतून विधवांच्या अनीतीवर झोड उठली. ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी लेखणी हाती घेतली आणि १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिले. त्यांचा प्रश्न साधा होता. जे पाप दोघांचे, त्याची शिक्षा एकीलाच का? गर्भ राहिला की पुरुष पसार होतो आणि न्यायासनापुढे बाई एकटीच उभी राहते. या टप्प्यावर कुशीवरचा हक्क ‘घराण्याची अब्रू’ या नावाने सांगितला जात होता. अब्रू घराण्याची आणि फास बाईच्या गळ्याला, अशी ती व्यवस्था होती.

विसाव्या शतकात भाषा बदलली. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले होते. म्हणजे या एका बाबतीत तरी आम्ही जगाच्या मागे नव्हतो. गणिताच्या या प्राध्यापकाला आपल्या मतांपायी नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक एकहाती चालवले, खटले सोसले, दंड भरले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले ते डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. कर्वे यांची भूमिका लोकसंख्येच्या आकड्यांपुरती नव्हती. मूल हवे की नको हे ठरवण्याचा अधिकार स्त्रीचा आहे, असे ते स्पष्ट म्हणत. ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांपैकीही पुष्कळांना पचली नाही.

येथे नगर जिल्ह्याच्या इतिहासातले एक पान आम्ही मुद्दाम उघडतो, कारण ते नगरकरांनाही फारसे माहीत नाही. १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई प्रांताच्या विधानसभेत नगर जिल्ह्यातून प्रभाकर जनार्दन रोहम निवडून आले. १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांनी विधानसभेत एक ठराव मांडला. सरकारने संततिनियमनाचा सामान्य जनतेत जोराने प्रचार करावा आणि त्यासाठी पुरेशा सोयी उपलब्ध करून द्याव्यात, असा तो ठराव होता. भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. ते स्वतः सभागृहात येऊ शकले नाहीत, म्हणून रोहम यांनी ते केले. त्या भाषणात दारिद्र्याचा, रोगराईचा आणि जमिनीच्या तुकड्यांचा विचार आहेच. परंतु त्यातला आमच्या मते सर्वांत मोलाचा भाग निराळा आहे. बाळंतपणाच्या वेणा पुरुषांच्या वाट्याला आल्या असत्या तर एकाहून अधिक मुलाला कोणीही राजी झाला नसता, आणि स्त्रीला मूल नको असेल तेव्हा गर्भधारणा टाळण्याची मुभा तिला असलीच पाहिजे, अशा आशयाचा तो भाग आहे. ज्या सभागृहात पुरुषांचीच गर्दी होती तेथे नगरच्या एका दलित प्रतिनिधीने हा विचार मांडावा, ही या जिल्ह्याला अभिमान वाटावा अशी घटना आहे. ठराव मोठ्या बहुमताने फेटाळला गेला. विरोध करणाऱ्यांत संयमाचा उपदेश करणारे होते, धर्म बुडेल म्हणणारे होते. ज्यांना मुले होतात त्या बायकांचे म्हणणे विचारावे, असे कोणाला सुचले नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारने नेमके तेच काम हाती घेतले जे १९३८ साली नाकारले होते. १९५२ साली कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. सरकारी पातळीवर असा कार्यक्रम आखणारा भारत हा जगातला पहिला देश. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ साली समिती नेमली गेली. चोरून केलेल्या गर्भपातात बायका कशा मरतात याचा विचार करून तिने १९६६ साली अहवाल दिला, आणि १९७१ साली वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. हे मोठे पाऊल होते. परंतु बारकाईने वाचले तर त्या कायद्याने निर्णय डॉक्टरच्या हाती दिला. बाईने मागावे आणि डॉक्टरने योग्य वाटल्यास द्यावे, अशी त्याची रचना. पुढे २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक परिस्थितीत मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत वाढली, आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विवाहित आणि अविवाहित असा भेद करता येणार नाही, असा निर्णय दिला. येथवर येण्यास अर्धशतक लागले.

याच काळात रोहम यांच्या ठरावातली अर्धी गोष्ट सरकारने उचलली आणि अर्धी टाकून दिली. मुले कमी व्हावीत हे उचलले. बाईच्या मर्जीने व्हावीत हे टाकले. १९७६ साली, आणीबाणीत, महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही, तरी शिबिरे आणि उद्दिष्टे यांनी लोकांच्या मनात धडकी भरवली ती भरवलीच. १९७७ नंतर पुरुषांवर शस्त्रक्रिया करण्याचे धाडस राज्यकर्त्यांना उरले नाही आणि सगळा भार बायकांवर आला. राष्ट्रीय पाहण्यांनुसार महाराष्ट्रात निम्म्याच्या आसपास विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. पुरुषांचे प्रमाण शेकडा एकही भरत नाही. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, तरी चाकू बाईच्या पोटावर. यात वैद्यकशास्त्राचा दोष नाही; तो घराघरांतला न्याय आहे.

२००१ पासून महाराष्ट्रात आणखी एक नियम आला. दोनपेक्षा अधिक मुले असणाऱ्यास ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. त्याच पंचायतींत स्त्रियांसाठी राखीव जागा आहेत. २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. आता विचार करावा. जिला तिसरे मूल मुलगा हवा म्हणून सासरच्यांच्या दबावाने झाले, तिचेच सरपंचपद त्या मुलापायी जाते. निर्णय एकाने घ्यायचा, दंड दुसरीने भरायचा, हे ताराबाईंच्या काळचे गणित येथे नव्या रूपाने उभे राहिले. दुसरीकडे, मुले थोडी आणि त्यांत मुलगा हवाच, असे ठरल्यावर सोनोग्राफीच्या यंत्राने काय केले ते आकडे सांगतात. गर्भलिंगचाचणीवर बंदी घालणारा कायदा करणारे महाराष्ट्र हे १९८८ साली देशातले पहिले राज्य; तरी २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या एक हजार मुलग्यांमागे नगर जिल्ह्यात ८५२ आणि शेजारच्या बीड जिल्ह्यात ८०७ मुली भरल्या. या टप्प्यावर कुशीवरचा हक्क एकदा ‘राष्ट्राची प्रगती’ या नावाने आणि एकदा ‘वंशाचा दिवा’ या नावाने सांगितला गेला.

आता फडाकडे वळू. नगर जिल्ह्याचा नकाशा समोर धरला तर त्याचे दोन भाग स्पष्ट दिसतात. उत्तरेला गोदावरी आणि प्रवरा यांच्या कालव्यांखालचे कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी. दक्षिणेला आणि पूर्वेला अवर्षणाच्या छायेतले पाथर्डी, जामखेड, कर्जत आणि त्यांच्या भोवतालचा माळ. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या खोऱ्यात ऊस उभा राहिला. खासगी कारखाने आले. मग १९५० च्या हंगामात लोणीजवळ, विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली, शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. लहान शेतकऱ्याला कारखान्याचा धनी करणारा हा प्रयोग देशभर वाखाणला गेला, आणि तो त्या योग्यतेचा होताच. परंतु सहकाराच्या या इमारतीत एक खोली बांधायची राहून गेली. ऊस पिकवणारा सभासद झाला, साखर शिजवणारा कामगार झाला. ऊस तोडणारा मात्र यांपैकी कोणीच झाला नाही. तो मुकादमाचा माणूस राहिला.

हा तोडणारा येतो कोठून? पाथर्डी-जामखेडच्या माळावरून, बीडच्या बालाघाटावरून. एका जिल्ह्याच्या एका टोकाला पाणी आहे म्हणून दुसऱ्या टोकाच्या माणसांनी घराला कुलूप लावून तेथे जायचे, अशी ही रचना. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि चैत्र-वैशाखात परततात. कोणी प्रवरेकाठी, कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी कर्नाटकात. मुकादमाकडून आगाऊ पैसे घेतात, त्याला ‘उचल’ म्हणतात. ही उचल ज्या एककावर मिळते त्याचे नाव ‘कोयता’. कोयता म्हणजे हत्यार नव्हे, नवराबायकोची जोडी. एकटा पुरुष किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. पुरुष ऊस तोडतो. बाई पाचट काढते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. काम दोघांचे सारखे, किंबहुना पहाटे उठून भाकरी भाजणे आणि रात्री पोरे निजवणे धरले तर बाईचे अधिक. तरी उचलीचा पैसा नवऱ्याच्या हाती पडतो. हिशेबाच्या वहीत बाईचे स्वतंत्र नाव नाही.

या एका शब्दात पुष्कळ काही दडले आहे. जोडीशिवाय उचल मिळत नाही, म्हणून मुलींची लग्ने लवकर होतात. विधवा किंवा टाकलेली बाई अर्धी ठरते, म्हणून तिला टोळीत जागा मिळणे कठीण. एक दिवस काम बुडाले तर त्याला ‘खाडा’ म्हणतात, आणि खाड्याचा दंड मजुरीपेक्षा जड असू शकतो. अशा ठिकाणी मासिक पाळी हा आजार ठरतो आणि गर्भारपण हा खर्च. फडाजवळच्या कोपीत पाण्याचा नळ नसतो, आडोसा नसतो. सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत बाई मोळ्या वाहते, आणि कित्येकींची बाळंतपणे कोपीतच होतात. मुंबई प्रांतात गिरणीतल्या बाईला बाळंतपणाची रजा देणारा कायदा १९२९ साली झाला, आणि तसले विधेयक १९२८ साली परिषदेत आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याच्या बाजूने भाषण केले होते. पुढे १९६१ साली देशाचा कायदा झाला. एवढ्या वर्षांत तो साखर कारखान्याच्या फाटकापासून उसाच्या फडापर्यंत पोचला नाही. परप्रांतीय मजुरांसाठी १९७९ साली जो कायदा झाला तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. पाथर्डीहून श्रीरामपूरला जाणाऱ्या बाईसाठी नव्हता. तिने हद्द ओलांडली नाही, म्हणून ती कायद्याला दिसली नाही.

याचा शेवट कोठे झाला ते २०१९ साली साऱ्या देशाने वाचले. ग्रामीण भागात गर्भाशयाला ‘पिशवी’ म्हणतात. बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांच्या पिशव्या काढल्या गेल्याचे आरोग्यमंत्र्यांनी त्या वर्षी विधिमंडळात सांगितले. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीनुसार बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. म्हणजे दर सहा जणींत एक. त्याच्या तीन-चार वर्षे आधीच्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांमध्ये देशभरचे प्रमाण शेकडा ३.२ होते. दोन्ही पाहण्यांतले वयोगट तंतोतंत सारखे नसतील, तरी अंतर एवढे आहे की ते त्याने भरून निघत नाही. आकडे बीडचे असले तरी फड एक, मुकादम एक आणि दुखणेही एक. पाथर्डी-जामखेडच्या बायका त्याच टोळ्यांतून जातात.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. काही डॉक्टर म्हणतात की बाया स्वतःहून आल्या, त्यांनीच पिशवी काढा म्हणून सांगितले. कित्येक बायाही हेच सांगतात. मग जबरदस्ती कोठे झाली? याचे उत्तर असे, की संमती ही पर्यायांतून निर्माण होते. जिला पाळीच्या चार दिवसांत विसावा मिळत नाही, अंगावरून जाते म्हणून दाखवायला गेल्यावर कर्करोगाची भीती घातली जाते, साध्या औषधाने बरे होईल असे कोणी सांगत नाही, आणि शस्त्रक्रियेसाठी मुकादमच उचल देतो, तिचा होकार हा होकार खरा. पण तो कोणत्या प्रश्नाला आहे? पिशवी हवी की नको, असा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. पिशवी की मजुरी, एवढेच तिच्यापुढे होते. या टप्प्यावर कुशीवरचा हक्क कोणी मोठ्याने सांगितलाही नाही. तो ‘हंगाम’ या नावाने आपोआप बजावला गेला.

हे दुर्दैव आपल्याच मातीचे आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मेक्सिको, पोर्तो रिको आणि दक्षिणेकडच्या देशांतून आलेल्या स्त्रियांना ‘लॅटिना’ म्हणतात. त्यांच्यातल्या स्त्रीवादी कार्यकर्त्या जे सांगत आल्या आहेत ते ऐकले तर पाथर्डीची बाई बोलते आहे की काय असे वाटावे. पोर्तो रिको हे उसाचे बेट. तेथे १९३७ साली नसबंदी कायदेशीर झाली, आणि १९६५ च्या पाहणीत वीस ते एकोणपन्नास वयाच्या मातांपैकी सुमारे एक तृतीयांश जणींची नसबंदी झालेली आढळली. संततिप्रतिबंधक गोळीची मोठी चाचणी १९५६ साली त्याच बेटावरच्या गरीब बायकांवर झाली. लॉस एंजेलिसच्या सरकारी रुग्णालयात मेक्सिकन वंशाच्या बायकांना, त्या वेणा देत असताना, त्यांना न कळणाऱ्या इंग्रजी कागदावर सही घेऊन वंध्य केले गेले. त्यांच्यापैकी दहा जणींनी दावा लावला. १९७८ साली न्यायाधीशाने तो फेटाळला. संवादात गफलत झाली, असे त्याचे मत पडले. पण त्या लढ्यामुळे पुढे बाईच्या भाषेत कागद आणि सहीनंतर विचाराला अवधी, हे नियम आले.

त्या बायकांचे म्हणणे असे, की गोऱ्या मध्यमवर्गीय भगिनी गर्भपाताचा हक्क मागतात तो योग्यच; परंतु आम्हांला मूल होऊ देण्याचा हक्कही मागावा लागतो, कारण आमची मुले कोणाला नको आहेत. शेतमजुरांची संघटना बांधणाऱ्या डोलोरेस वेर्ता या अकरा मुलांच्या आई; सुरुवातीला गर्भपाताच्या विरोधात असलेल्या या बाई पुढे निवडीच्या हक्काच्या बाजूने उभ्या राहिल्या. दोन्हींत विसंगती नाही. अकरा मुले असोत वा एकही नसो, ठरवणारी ती असावी, एवढेच त्यांचे सूत्र.

त्या देशाचे राजकारणही पाहण्यासारखे आहे. १९७३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला. तीनच वर्षांनी संसदेने गरिबांच्या आरोग्य योजनेतून त्यासाठी पैसे देणे बंद केले, आणि १९७७ साली टेक्सासच्या सीमेवरच्या मॅकॅलन गावात रोझी हिमेनेझ ही कॉलेजात शिकणारी तरुण आई चोरून केलेल्या गर्भपातानंतर मरण पावली. हक्क कायम होता, पैसे नव्हते. २४ जून २०२२ रोजी तो हक्कही न्यायालयाने काढून घेतला आणि प्रत्येक राज्याला आपापला कायदा करण्याची मोकळीक दिली. तेव्हापासून ज्या राज्यांत बंदी आली तेथल्या बायका दुसऱ्या राज्यात जातात. पण जिच्याजवळ वास्तव्याची कागदपत्रे नाहीत ती टेक्सासच्या सीमाभागातून बाहेर पडू शकत नाही. वाटेवर तपासणी नाकी आहेत. पोटासाठी जिने एक देश ओलांडला, तिला पोटातल्या गर्भासाठी एक जिल्हा ओलांडता येत नाही. आपल्या आणि त्यांच्या न्यायालयांनी एकाच वर्षी परस्परविरुद्ध निर्णय दिले. आपला निर्णय उदार आहे, यात शंका नाही. परंतु रोझी हिमेनेझच्या मृत्यूने दाखवलेली गोष्ट आपण लक्षात ठेवली पाहिजे. कायदा पुस्तकात आणि दवाखाना तालुक्याच्या गावी, मध्ये खाडा, अशी स्थिती असेल तर चोवीस आठवड्यांचा हक्क फडातल्या बाईला चोवीस तासही उपयोगी पडत नाही.

मग वाट आहे की नाही? आहे, आणि ती याच जिल्ह्यात, याच दुष्काळी टापूत काढली गेली आहे. १९७० साली डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडला ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावोगावच्या बायकांना, त्यांत निरक्षर होत्या, दलित होत्या, टाकलेल्या होत्या, आरोग्यसेविका म्हणून तयार केले. बाळंतपण, पोषण, पिण्याचे पाणी, संततिनियमन हे सारे त्या गावातल्या बाईने गावातल्या बाईला समजावून सांगायचे. कोणतीही सक्ती न करता कुटुंबे लहान झाली, कारण झालेले मूल जगेल असा भरवसा आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे वैद्यक जामखेड पाहायला येऊ लागले. सक्तीच्या विधेयकाचे वर्ष १९७६, आणि जामखेडचे काम तेव्हा सहा वर्षांचे झालेले होते. दोन्ही वाटा एकाच राज्यात एकाच वेळी उघड्या होत्या. राज्यकर्त्यांनी दुसरी पाहिली, वाखाणली आणि पहिली धरली.

२०१९ च्या गवगव्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक केली गेली. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना या बाबतीतली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्यास सांगितले. हे उपाय आवश्यक आहेत. तथापि आणखी एका अधिकाऱ्याची सही मिळाल्याने बाईचा शब्द वाढत नाही. तो वाढायचा तर काही साध्या गोष्टी झाल्या पाहिजेत. कोयता या शब्दाची दोन माणसे झाली पाहिजेत: वहीत बाईचे नाव वेगळे, मजुरी तिच्या हाती. पाळीच्या आणि बाळंतपणाच्या दिवसांचा खाडा धरता कामा नये. फडाजवळ पाणी, आडोसा आणि आठवड्याला एकदा येणारी परिचारिका हवी. टोळी दुसऱ्या जिल्ह्यात गेली तरी गर्भारणीचे कार्ड तेथे चालले पाहिजे. आणि पिशवी काढा म्हणणाऱ्या डॉक्टरखेरीज दुसऱ्या डॉक्टरचे मत तिला फुकट मिळाले पाहिजे. यांतली एकही मागणी क्रांतिकारक नाही. गिरणीतल्या बाईसाठी यांतल्या काही १९२९ सालीच मान्य झाल्या होत्या. खर्च कोणी करायचा, असे विचारले जाईल. जो टनावर साखरेचा हिशेब मांडतो त्या कारखान्याने, आणि तो ज्यांच्या मतांवर चालतो त्या सभासदांनी. सहकाराची राहून गेलेली खोली बांधण्याचा तो खर्च आहे.

२०२४ साली या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. ज्या चौंडीत १७२५ साली अहिल्याबाई जन्मल्या ते गाव जामखेड तालुक्यातले. त्या तालुक्यातून आणि शेजारच्या पाथर्डीतून येत्या दिवाळीलाही टोळ्या निघतील. मुकादमाची वही उघडेल, जोड्यांची नावे लिहिली जातील. त्या वहीत बायकांसाठी दुसरा रकाना आखून घ्यावा, अशी आमची कारखान्यांच्या संचालक मंडळींना आणि सभासदांना विनंती आहे. रोहमांनी नगरच्या वतीने १९३८ साली सभागृहापुढे जो प्रश्न ठेवला, त्याचे उत्तर नगरने तरी आता द्यावे.